बिनशेऱ्याची गाडी

या मर्त्य जगात निर्दोष असं काहीही नाही. माणूस नाही, यंत्र नाही, आणि यंत्राला दोन चाकं लावून त्यावर माणूस बसवला तर मग विचारायलाच नको. हे विधान तपासनीस क्लेमंट ओल्डरॉइड अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवावरून कुठल्याही कोर्टात शपथेवर करायला तयार होता. फक्त मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी त्याला कोर्टात बोलावू नये, एवढीच त्याची अट असती. कारण त्या दिवशी सकाळी दहा वाजता बटरवर्थसरांची गाडी तपासणीला येई.

उत्तर इंग्लंडमधल्या टॉडमर्डन गावात मोटरसायकलींची वार्षिक तपासणी करणारं एकच ठिकाण होतं, आणि ते पूर्वी मेथडिस्ट पंथाच्या लोकांचं चर्च होतं. मेथडिस्ट कमी होत गेले, मोटरसायकली वाढत गेल्या, आणि एक दिवस जागा दुसऱ्याच्या हातात गेली. उंच खिडक्या राहिल्या, मागच्या भिंतीशी दोन बाकं राहिली, प्रार्थनागीतांचे क्रमांक लावायची लाकडी पाटीही राहिली. पाटीवर आता रांगेतल्या गाड्यांचे क्रमांक लागत. पूर्वी जिथे वेदी होती तिथे ब्रेक तपासायचे रोलर बसवले होते. नवखा माणूस आत शिरला की त्याचा आवाज आपोआप खाली येई, आणि पंधरा मिनिटांनी, गाडी नापास झाल्यावर, तो देवाचं नावही घेई.

तपासणीतून कोरं कोणी सुटत नसे. गाडी एक तर नापास व्हायची, नाही तर शेरा घेऊन पास व्हायची. शेरा म्हणजे, आज चालेल पण लक्ष असू द्या. साखळी ढिली होत चालली आहे, टायरची नक्षी उतरत आली आहे, पुढच्या शॉकअपला तेलाचा ओलावा दिसतो आहे. आपल्या हाताखालून शेऱ्याशिवाय गाडी जात नाही याचा क्लेमला अभिमान नव्हता. ती त्याला सृष्टीची रचना वाटे.

उदाहरणार्थ डॅरिल. डॅरिल गिलावा करायचा आणि त्याच्याकडे चकचकीत लाल रंगाची, गावातली सगळ्यांत महागडी मोटरसायकल होती. ती दर वर्षी नापास व्हायची.

"मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही," क्लेमने त्याला फेब्रुवारीत सांगितलं.

"काय सांगतोस!"

"गेल्या वर्षीही हाच होता. त्याच्या आदल्या वर्षीही."

"मग मला कसं कळणार? मी पुढे बसतो. दिवा मागे आहे."

"ब्रेक दाबायचा आणि दुकानाच्या काचेत बघायचं."

"ते तुझं काम आहे, म्हाताऱ्या. त्यासाठी तर वर्षातनं एकदा तुझ्याकडे आणतो."

ही एकट्या डॅरिलची भूमिका नव्हती. त्या सबंध खोऱ्यात, थेट पलीकडच्या बर्नलीपर्यंत, दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाची हीच श्रद्धा होती. गाडीला काय झालंय हे कळावं म्हणून तपासणी असते. दवाखान्यात जाण्याआधी बरं होऊन कोण जातं?

आणि मग ती गाडी. काळी, जपानी बनावटीची, पाचशे सीसीची, १९९३ सालची. नोंदी संगणकावर आल्यापासून एकोणीस वर्षं ती दर मार्चमध्ये येत होती, आणि एकोणीस वर्षांत तिच्या नावापुढे ना कधी 'नापास' लागलं, ना एक शेरा. गाडीचा क्रमांक टाकला की हा इतिहास कोणालाही घरबसल्या वाचता येतो. लोक वाचत. डॅरिलने तर तो छापून आपल्या व्हॅनच्या काचेवर आतून लावला होता. खाली हिरवी खूण, त्याखाली हिरवी खूण, त्याखाली हिरवी खूण, अशी एकोणीस. दुसरं काही नाही.

बरं, ती वापरात नव्हती म्हणावं तर तसंही नाही. सर रोज तिच्यावरून डोंगरावरच्या आपल्या भाजीच्या मळ्यावर जात, परतताना मागे लीकच्या, म्हणजे जाड विलायती कांदापातीच्या, जुड्या बांधलेल्या असत. पाऊस असो, बर्फ पडून रस्त्यावर मीठ टाकलेलं असो, गाडी दिसे. दर गुरुवारी ते हॅलिफॅक्सला बँडच्या तालमीला जात. पाठीला टेनर हॉर्न हे पितळी वाद्य. मीटरचा आकडा वर्षाला पाच-सहा हजार मैल पुढे सरके. त्या खोऱ्यात पाच-सहा हजार मैल म्हणजे निम्मे चढाचे आणि निम्मे ब्रेकचे.

मग हे होत कसं होतं, यावर गावात अनेक मतं होती. कोणी म्हणे, त्या वर्षी कारखान्यात चुकून एक गाडी बरोबर बनली. कोणी म्हणे, सर तिला बैठकीच्या खोलीत ठेवतात. क्लेमची थोरली बहीण डोरीन, जी दाराशी चहा आणि बेकन-पाव विकून पावत्या फाडायची, तिचं मत होतं की लीकमध्ये काहीतरी असतं. सरांना मात्र कोणी विचारलं नव्हतं. देवळात जाऊन कोणी देवाला कामाचे तास विचारत नाही. शिवाय गावातल्या पन्नाशीच्या प्रत्येक माणसाला सरांनी भूगोल शिकवला होता, आणि प्रश्न विचारला की सर उलटा प्रश्न विचारतात हे कोणी विसरलं नव्हतं. क्लेमने सहामाहीच्या नकाशात मँचेस्टर आयरिश समुद्रात दाखवलं होतं, बंदरासकट. पेपर परत देताना सर वर्गासमोर म्हणाले होते, "क्लेमंट, अख्खं शहर बुडालं. देण्याआधी एकदा बघितलं असतंस तर हजारो जीव वाचले असते."

फेब्रुवारीच्या अखेरीला वाहन खात्याचं पत्र आलं.

डोरीनने ते मोठ्याने वाचलं. खात्याच्या संगणकाला आढळून आलं होतं की अमुक क्रमांकाच्या, बत्तीस वर्षं जुन्या वाहनावर एका तपासनिसाने सलग एकोणीस वर्षं एकही दोष वा शेरा नोंदवलेला नाही. सरासरी लक्षात घेता हे संभवत नाही. सबब येत्या तपासणीच्या दिवशी खात्याच्या निरीक्षक पार्जिटर उपस्थित राहतील व ओल्डरॉइड यांच्या तपासणीनंतर त्याच वाहनाची फेरतपासणी करतील. दुर्लक्षित दोष आढळल्यास तपासणीचा परवाना रद्द होईल.

"रद्द होईल," डोरीनने पुन्हा वाचलं. "'होऊ शकतो' नाही. 'होईल'."

"दिसतंय मला."

"अठ्ठावन्न वर्षांचा आहेस तू. दुसरं येतं काय तुला? पाव भाजता येत नाही. मी बघितलंय." तिने पत्राची घडी घातली. "क्लेम, ऐक माझं. एक शेरा टाक. छोटासा. मागचा टायर झिजत आलाय म्हण. टायर काय, झिजतोच. बाईला वाटेल, चला, माणूस डोळे उघडे ठेवून काम करतो."

"आणि झिजलेला नसला तर?"

"जगात न झिजणारा टायर आहे का?"

गेली एकोणीस वर्षं क्लेम याच प्रश्नाशी झगडत होता. दर मार्चमध्ये तो त्या गाडीसमोर गुडघे टेकून, हातात बॅटरी घेऊन, अगदी मनापासून दोष शोधत असे. दोष सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं; जग आपल्या ओळखीचं आहे अशी खात्री पटली असती. तो सापडला नाही. आता बाईंच्या समाधानासाठी खोटा शेरा लिहायचा, म्हणजे आयुष्यात दिसलेल्या एकमेव निर्दोष वस्तूला आपल्या हाताने डाग लावायचा. परवाना जाईल या भीतीने तो आठवडाभर झोपला नाही, आणि डाग लावावा लागेल या भीतीने त्याचं जेवण गेलं.

मंगळवारी नऊपासूनच लोक जमायला लागले. एरवीही त्या दिवशी पाच-सहा जण येत. यंदा तीसएक होते, आणि बाकं भरल्यावर उरलेले आपापल्या हेल्मेटांवर बसले. पार्जिटरबाई पावणेदहाला आल्या. पन्नाशीच्या, काटक, करडे केस, गळ्यात ओळखपत्र. डोरीनने पुढे केलेला बेकन-पाव त्यांनी नाकारला, आणि ही बातमी मागच्या बाकापर्यंत कुजबुजत गेली. जी बाई पाव घेत नाही, ती दया दाखवत नाही.

"एकोणीस वर्षं," त्या क्लेमला म्हणाल्या. "मी बावीस वर्षं या कामात आहे, मिस्टर ओल्डरॉइड. मी माझ्या नवऱ्याची गाडी सलग दोन वर्षं कोरी पाहिलेली नाही."

"मीही नाही," क्लेम म्हणाला. "म्हणजे, तुमच्या नवऱ्याची नव्हे."

दहा वाजता बाहेर इंजिनाचा आवाज आला. मोठा नाही, स्वयंपाकघरात कोणीतरी मनाशी गुणगुणावं तसा. सर आत आले, वय ऐंशी, अंगावर मेणकापडी कोट, आणि गाडी स्टँडला लावून त्यांनी गर्दीकडे बघितलं.

"आज सुट्टी आहे का सगळ्यांना?"

"नाही सर," तीस प्रौढ माणसं एका सुरात म्हणाली.

क्लेमने तपासणी सुरू केली. दिवे, इंडिकेटर, भोंगा. भोंगा एकदाच वाजला आणि चर्चच्या छतात घुमून खाली आला. त्याने हँडल डावीकडे सोडलं, उजवीकडे सोडलं. ते पाण्यासारखं वळलं, ना अडखळ, ना खडखड. पुढचं चाक उचलून त्याने फिरवलं. स्पोक दिसेनासे झाले, आणि जागच्या जागी एक चंदेरी धुकं उरलं. कसलाही आवाज नव्हता. खिडकीतून मार्चचं जेवढं ऊन त्या गावाच्या वाट्याला येतं तेवढं टाकीवर पडलं होतं, आणि चाक फिरत होतं, फिरत होतं, थांबायला आपल्याला कोणी सांगितलेलंच नाही असं फिरत होतं. अठ्ठावीस वर्षांत हजारो चाकं त्याने हाताने थांबवली होती. याला हात लावायला त्याला दर वर्षी धीर गोळा करावा लागे.

साखळी. ब्रेक. रोलरवरचे आकडे. शॉकअपच्या नळ्या त्याने स्वच्छ फडक्याने पुसल्या. फडकं स्वच्छच राहिलं. शेवटी मागचा टायर. तो खाली वाकला. दाराशी डोरीन उभी होती आणि भुवयांनी त्याला विनवत होती.

टायर नवा होता.

क्लेम संगणकासमोर बसला. दोष: शून्य. शेरे. त्या रिकाम्या चौकटीत कर्सरची रेघ उघडझाप करत होती. त्याने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग चौकट रिकामीच ठेवून त्याने 'पास' दाबलं. डोरीनने कपाळावर हात मारून घेतला.

"आता मी," पार्जिटरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःची बॅटरी काढली.

त्या चाळीस मिनिटं गाडीला भिडल्या होत्या. एरवी निम्म्या वेळात गाडी निकालात निघते. त्यांनी सीट काढली. त्या चक्क जमिनीवर आडव्या झाल्या आणि सायलेन्सरच्या खालून वर बघितलं, जिथे गाडी बनवणाऱ्यानंही पुन्हा बघितलं नसेल. क्लेमला स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येत होते, आणि त्यांतही त्याला बेअरिंगचा दोष वाटत होता.

मग बाईंनी पुढचं चाक फिरवलं, आणि आवाज आला.

टिक. टिक. टिक.

कोणाचं तरी हेल्मेट खाली पडलं. डोरीन दारातल्या खुर्चीत बसली. क्लेमला नवल वाटलं ते याचं, की परवान्याचा विचार मनात दुसरा आला. पहिला विचार होता: नाही, ही नाही.

टिक. टिक.

"बाई," सर शांतपणे म्हणाले, "तुमचं ओळखपत्र."

बाईंनी खाली बघितलं. गळ्यातलं ओळखपत्र लोंबून स्पोकला लागत होतं. त्यांनी ते खांद्यावरून मागे टाकलं. चाक पुन्हा निःशब्द झालं, चंदेरी धुकं पुन्हा उभं राहिलं, आणि बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसून राहिल्या. बॅटरी चालू होती, पण त्या कुठेही ती रोखत नव्हत्या. आपल्या नोकरीत पहिल्यांदाच त्या नुसतं बघत होत्या.

"काही नाही," त्या अखेर म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "यात काहीच नाही."

मागून डॅरिलने नाक शिंकरलं. नंतर त्याने ते सर्दीवर ढकललं.

क्लेम भिंतीला टेकला. परवाना वाचला होता, आणि जगात एक निर्दोष गोष्ट आहे यावर सरकारी शिक्कामोर्तब झालं होतं. एका सकाळसाठी हे फारच झालं. डोरीनने बाईंपुढे चहाचा कप धरला. या वेळी त्यांनी घेतला. पावही घेतला.

"मिस्टर बटरवर्थ, एक विचारू?" बाई बाकावर बसत म्हणाल्या. "मला अहवालात कारण लिहावं लागतं. तुम्ही या गाडीला करता तरी काय?"

सगळं चर्च पुढे झुकलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"फेब्रुवारीत एकदा बघतो," सर म्हणाले.

"काय बघता?"

"हा क्लेमंट बघतो तेच. तुमच्या खात्याची यादी आहे ना, कोणालाही वाचता येते. मी छापून शेडमध्ये लावली आहे. वरून एकेक बघत यायचं. जे बिघडलेलं दिसेल ते दुरुस्त करायचं. मग इकडे आणायची."

मग डॅरिल म्हणाला, "बस?"

"बस."

"म्हणजे... तपासणीच्या *आधी*?"

"नंतर करून काय उपयोग, डॅरिल? तुला मी हेच पेपराबद्दल सांगायचो."

"पण सर, काय बिघडलंय हे कळायलाच तर आपण इकडे येतो ना!"

सरांनी त्याच्याकडे बघितलं. समुद्रात बुडालेल्या मँचेस्टरकडे ते असंच बघायचे.

"यंदा काही निघालं होतं का?" बाईंनी विचारलं. त्यांचा पाव हातातच राहिला होता.

सरांनी कोटाच्या खिशातून चौपदरी कागद काढला आणि चष्मा वर केला. "चौदा. हँडलचं बेअरिंग गेलं होतं. शॉकअप दोन्ही गळत होते. साखळी बदलली. पुढचे ब्रेक पार संपले होते. टायर टाकला. भोंगा वाजत नव्हता. मागचा ब्रेकचा दिवा, दोनदा. चाकाचं बेअरिंग... हे सगळं वाचू का? गेल्या वर्षी सतरा होते." त्यांनी कागदाची घडी घातली. "खरं सांगायचं तर गाडी फारशी चांगली नाही. मी दोनदा विकायला काढली होती. कोणी घेईना."

क्लेमने गाडीकडे बघितलं. ऊन टाकीवरून सरकून फरशीवर गेलं होतं. टाकीला डाव्या बाजूला एक पोचा होता; तो बहुधा एकोणीस वर्षं तिथेच होता. सरांच्या नखांत काळं तेल होतं. तेही त्याने दर वर्षी बघितलं होतं, आणि लीकची माती समजून सोडून दिलं होतं.

"पेपर देण्याआधी बघतात सर," डॅरिल बाजूच्याला म्हणाला, फसवणूक झालेल्या माणसाच्या आवाजात. लोक हेल्मेटं उचलून एकेक करून बाहेर पडले. डॅरिलने निघताना ब्रेक दाबला. त्याचा दिवा लागला नाही, आणि तो मागे वळून बघायला थांबला नाही.

पार्जिटरबाईंनी बाकावरच अहवाल भरायला घेतला. सातत्याने कोऱ्या निकालाचं कारण, या प्रश्नाखाली नऊ पर्याय होते: तपासनिसाचा निष्काळजीपणा, उपकरणातील बिघाड, लाच, नातेसंबंध, वाहन वापरात नसणे, आणि आणखी तीन. मालकाने गाडी आधी दुरुस्त करून आणली, असा पर्याय नव्हता. बाईंनी नववा निवडला, 'इतर'.